लॅटेक्सचा 'चेस्टबर्स्टर' घरी करताना: साचा, कातडीची जाडी आणि आतला हात

चिखलमाती

नमस्कार मंडळी,

रिडली स्कॉटच्या 'एलियन'मधलं (१९७९) जेवणाच्या टेबलावरचं दृश्य इथल्या बहुतेकांनी पाहिलेलं असणार. नट जॉन हर्टची छाती फुटते आणि आतून परग्रहावरच्या प्राण्याचं पिल्लू डोकं वर काढतं. त्या पिल्लाची, म्हणजे चेस्टबर्स्टरची, हातात घालून चालवता येईल अशी बाहुली मी घरी लॅटेक्समध्ये करतोय. माती झाली, साचा झाला, पहिली कातडी साच्यातून निघाली. असं काही करायची हौस असूनही 'आपल्याकडे सामान कुठे मिळतं' म्हणून थांबलेल्यांसाठी सविस्तर लिहितो. शेवटी माझेही प्रश्न आहेत.

आधी हेच का ते. सिनेमातल्या बाहुल्या म्हटलं की योडा किंवा ग्रेमलिन्स पटकन आठवतात. पण त्यांना डोळे हलवायचे, पापण्या मिटायच्या, कान फिरवायचे, म्हणजे आत केबलींचं जाळं आलं. चेस्टबर्स्टरला डोळे नाहीत, केस नाहीत, १९७९च्या सिनेमात पडद्यावर हातही दिसत नाहीत. लांबट डोकं, जबडा आणि मान, संपलं. चित्रकार एच. आर. गिगर या प्राण्याची रेखाटनं करत होता तेव्हा समोर चित्रकार फ्रान्सिस बेकनची १९४४ची चित्रत्रयी होती. त्या चित्रांतले आकार म्हणजे ताणलेली मान आणि उघडं तोंड. पुढे रॉजर डिकननं प्रत्यक्ष बाहुली घडवली. चित्रीकरणात हर्टचं डोकं आणि हात खरे, धड टेबलाखाली, आणि वर दिसणारी छाती खोटी. बाहुली खालून माणसानंच वर ढकलली. टेबलाभोवतीच्या नटांना काहीतरी बाहेर येणार एवढं माहीत होतं, रक्त किती उडणार हे माहीत नव्हतं.

म्हणजे सिनेमाच्या इतिहासातला हा इतका गाजलेला प्रसंग मुळात टेबलाखालच्या हातानं तोलला आहे. म्हणून माझं ठाम मत असं की पहिल्या बाहुलीत मोटारी, सर्व्हो वगैरेंच्या मागे लागू नये. सगळं लक्ष कातडीच्या जाडीकडे द्यावं. जिथे वाकायचं तिथे पातळ, जिथे आकार धरून ठेवायचा तिथे जाड. एवढं साधलं की हात उरलेलं करतो. सगळीकडे सारख्या जाडीची कातडी कितीही सुंदर रंगवा, ती मोज्यासारखीच दिसते.

मातीसाठी मी शाडू वापरला. परदेशातले लोक तेलमातीचा आग्रह धरतात, कारण ती सुकत नाही, तडकत नाही. शाडूवर ओलं फडकं टाकून ठेवावं लागतं हे खरं. पण शाडूत तेल नाही. पीओपीच्या साच्याला आतून तेल लागलं की तो पाणी शोषत नाही, आणि लॅटेक्सचं सगळं काम त्या शोषण्यावर चालतं. शिवाय शाडू पाण्यानं धुऊन निघतो. आकार ठरवताना मूठ आत मावून भोवती बोटभर जागा राहील एवढं डोकं ठेवलं. लॅटेक्स सुकताना आक्रसतं, साधारण ५ ते १० टक्के, म्हणून माती नेहमी हवी त्याहून मोठी. मानेवर आडव्या वळ्या कोरल्या आहेत. त्या मूळ प्राण्याला आहेतच, पण त्यांचा उपयोगही आहे. मनगट वाकतं तेव्हा कातडी त्या वळ्यांतच दुमडते, भलतीकडे चुणी पडत नाही.

साचा दोन भागांचा. शिवण डोक्याच्या दोन्ही कडांनी घेतली, म्हणजे चेहऱ्याच्या मधोमध रेघ येत नाही. मातीची भिंत उभारून एक भाग ओतायचा, कडेला खळगे कोरायचे, म्हणजे दुसरा भाग त्यात अचूक बसतो. मग कडेला साबणाचं पाणी लावून दुसरा भाग. साबण फक्त कडेला. वजनानं १० भाग पीओपीला ७ भाग पाणी. पावडर पाण्यात भुरभुरवायची, पाणी पावडरीत ओतायचं नाही. एक-दोन मिनिटं भिजू द्यायची आणि मगच हलक्या हातानं ढवळायची, जोरात ढवळलं की बुडबुडे अडकतात. पहिला थर पातळ, ब्रशनं. तो मातीचा प्रत्येक ओरखडा उचलतो. दुसऱ्या थरात काथ्या.

आणि साचा पूर्ण सुकू द्या. गालाला लावला की गार लागला तर आत ओल आहे. पंख्याखाली किंवा सावलीतल्या वाऱ्यात ठेवा, भट्टी किंवा ओव्हन नको. जास्त तापलं की पीओपीमधलं बांधलेलं पाणी उडतं आणि साचा भुसभुशीत होतो.

आता मुख्य गोष्ट. साचा डोकं खाली करून बांधायचा, हाताचं तोंड वर. लॅटेक्स काठोकाठ भरायचं. कोरडा पीओपी पाणी ओढतो, रबराचे कण भिंतीला बसतात, आणि जितका वेळ ठेवाल तितकी कातडी जाड. मी मानेएवढा वेळ झाल्यावर वरचं लॅटेक्स मोठ्या सिरिंजनं काढून घेतलं आणि डोक्याचा भाग भरलेलाच ठेवला. मान अर्ध्या तासाच्या आत, डोकं त्याच्या तिपटीहून जास्त. साचा कलता करून ओतू नका, ओघळ मानेवर जातो. शेवटी पूर्ण रिकामा करून उलटा टांगायचा, पंखा लावायचा. आतून शंखजिरं भुरभुरवल्याशिवाय कातडी सोडवायची नाही. ओल्यासारखी दिसत नसली तरी ती स्वतःला चिकटते आणि मग सुटत नाही.

प्रश्न. एक, पातळ मान आणि जाड डोकं जिथे मिळतात तिथे आतून पायरी पडली आहे, ती बाहेरून जाणवू नये म्हणून काय करावं? दोन, दात कशाचे? मूळचे दात धातूसारखे चकाकतात. तीन, रंग असा हवा की हलवल्यावर पापुद्रे निघणार नाहीत.

पेणचा_पाहुणा

लय भारी काम. आमच्या घरात गणपतीचा कारखाना आहे, म्हणून साच्याबद्दल बोलू शकतो. आमच्याकडे सगळं उलटं: साचा रबराचा आणि मूर्ती पीओपीची. मूळ मूर्तीवर लॅटेक्सचे थर ब्रशनं चढवत जायचे, मधे मलमलचं कापड द्यायचं, आणि त्याला बाहेरून पीओपीचं कवच. त्यामुळे लॅटेक्स हाताळायची सवय आहे.

पायरीचं उत्तर: एकदम खाली उतरू नका. तीन-चार टप्प्यांत थोडं थोडं काढा, म्हणजे जाडी उतरत जाते. आणि थांबलेल्या लॅटेक्सवर वर पापुद्रा धरतो, तो प्रत्येक टप्प्याला काठीनं उचलून टाका. तो भिंतीला चिकटला की तिथेच रेघ उमटते. आताच्या कातडीत पायरी आलीच आहे तर आतून त्या रेघेवर ब्रशनं पातळ थर द्या, खाली रुंद आणि वर निमुळता. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून पिळून घ्या, नाहीतर एका वापरात गेला.

शाडूचं म्हणाल तर बरोबर धरलंत. फक्त दात-ओठांची बारीक नक्षी शाडूत टिकत नाही, तेवढा भाग वेगळा करा.

दाढदुखी_डॉक्टर

दातांबद्दल मी सांगते, पेशाच माझा तो. डेंटल सामानाच्या दुकानात कोल्ड क्युअर अ‍ॅक्रिलिक मिळतं, पावडर आणि द्रव. मिसळलं की काही मिनिटांत कडक होतं. दात बाहेर, काचेवर करा, लॅटेक्सवर थेट नको, कारण घट्ट होताना ते चांगलंच तापतं. द्रवाचा वास उग्र असतो आणि तो त्वचेला त्रास देतो, तेव्हा खिडकी उघडी आणि हातात नायट्राइलचे मोजे. प्रत्येक दाताला मागे छोटी पाटी ठेवा. हिरडीला चीर देऊन दात आतून बाहेर काढा, पाटी मागे अडकते, आणि मग आतून लॅटेक्सनं बुजवा. नुसता चिकटवलेला दात पहिल्या ओढीला निघेल.

चकाकीसाठी काळसर रंगावर पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड बोटानं घासा आणि मऊ कापडानं पॉलिश करा. पोलादासारखी झाक येते. चंदेरी रंग दिला तर दात खेळण्यातले वाटतील.

आणखी एक, हे कृपया सगळ्यांनी वाचा. नैसर्गिक रबराची अ‍ॅलर्जी खरी असते आणि ती वाढत जाते. फुगे फुगवल्यावर ओठ सुजतात, रबरी मोजे घातल्यावर पित्त उठतं, केळं किंवा किवी खाऊन घशाला खाज येते, असं काही होत असेल तर लॅटेक्सच्या वाटेला जाऊ नका. मोजे नायट्राइलचेच, रबराचे नाही. ओलं लॅटेक्स अमोनियात ठेवलेलं असतं, बंद खोलीत बादली उघडली की डोळे-घसा धरतो. पूर्ण वाळलेल्या कातडीला तो वास उरत नाही, पण अ‍ॅलर्जी असलेल्याला वाळलेलं रबरही चालत नाही. मुलांच्या हातात देण्याआधी विचारून घ्या.

सदाशिव_रात्री

मी मागे एक मुखवटा केला होता. कातडी सुकली, पण महिना झाला तरी चिकट आहे, आणि ताणली की तशीच लांब राहते. ओलसर हवेचा परिणाम का? 'लॅटेक्स' एवढंच लिहिलेला कॅन आणला होता.

दोडामार्गचा_चीक

@सदाशिव_रात्री, हवेचा नाही. तुम्हाला कच्चं लॅटेक्स मिळालं आहे. आमची दोडामार्गला रबराची बाग आहे, म्हणून थोडं मुळापासून सांगतो.

झाडाला काप घेतल्यावर वाटीत जो चीक पडतो त्यात रबर साधारण ३० ते ४० टक्के, बाकी पाणी. त्यात अमोनिया घातला नाही तर काही तासांत गोठतो. आम्ही तो पातळ करून, फॉर्मिक आम्ल घालून ट्रेमध्ये मुद्दाम गोठवतो, लाटून शीट काढतो आणि धुरावर वाळवतो. तुम्ही लोक वापरता ते लॅटेक्स वेगळ्या वाटेनं जातं: चिकात अमोनिया घालून, यंत्रात घुसळून त्यातलं पाणी कमी करतात आणि ६० टक्के रबराचं दाट लॅटेक्स मिळतं. पण तेही अजून कच्चंच. त्याची फिल्म चिकट, ताणली की परत येत नाही. गंधक वगैरे मिसळून ते आधीच पक्कं केलेलं असेल तर त्याला प्रीव्हल्कनाइज्ड म्हणतात. फुगे, मोजे, मुखवटे यांना तेच लागतं. विकत घेताना हा शब्द विचारून घ्या. जुना मुखवटा आतून-बाहेरून शंखजिऱ्यात घोळवून ठेवा, चिकटपणा झाकला जाईल, पण लवचीकपणा येणार नाही.

कोणी थेट बागेतून चीक आणून बाहुली करायचा विचार करत असेल तर नको. तो साच्यात भरायच्या लायकीचा नसतो.

@चिखलमाती, जबड्याला आतून तार घालणार असाल तर तांबं किंवा पितळ अजिबात नको. तांब्याचा अंश रबराला सडवतो, तिथे आधी डाग पडतो आणि मग तिथूनच भेगा. अमोनियाही तांबं खातो. अ‍ॅल्युमिनियमची तार वापरा.

उरलेलं लॅटेक्स मोरीत ओतू नका, पाइपात गोठतं. बादलीत थोडं व्हिनेगर घाला, गोळा होईल, तो सुकवून कचऱ्यात टाका.

जर्सीतला_जोशी

इकडे हॅलोविनमुळे मुखवट्यांसाठी वेगळं लॅटेक्स मिळतं, त्यात भराव घातलेला असतो म्हणून कातडी जाड आणि कमी आक्रसणारी बसते. तिकडे तसं नसेल तर डोक्याच्या भागासाठी लॅटेक्समध्ये थोडं शंखजिरं पाण्यात कालवून मिसळता येईल, मानेसाठी मात्र निव्वळ लॅटेक्सच.

दोन प्रश्न. कोणती आवृत्ती करताय? १९८६च्या 'एलियन्स'मधल्या पिल्लाला हात आहेत. आणि फोम लॅटेक्स का नाही? स्टुडिओत तर तेच वापरतात, कितीतरी मऊ हलतं.

चिखलमाती

१९७९चीच आवृत्ती. हात आले की त्यांना हलवायला दुसरा माणूस लागतो.

फोम लॅटेक्सचा मोह मलाही आहे. पण त्याचं तंत्र असं: लॅटेक्स मिक्सरमध्ये फेस येईपर्यंत घुसळायचं, त्यात फेसाचं, पक्कं करण्याचं आणि शेवटी गोठवण्याचं रसायन ठरलेल्या वेळी घालायचं, आतल्या गाभ्यासकट बंद साच्यात भरायचं, आणि मग कित्येक तास भाजायचं. खोलीतलं तापमान आणि दमटपणा बदलला की वेळा बदलतात. गोठवणारं रसायन सोडियम सिलिकोफ्लोराइड, म्हणजे विषारी. भाजण्याचा वास इतका असतो की तो ओव्हन पुन्हा स्वयंपाकाला वापरायचाच नाही. दोन खोल्यांच्या घरात हे मला पटत नाही. त्याऐवजी पातळ लॅटेक्सची कातडी आणि डोक्यात सोफ्याच्या फोमचा कोरलेला गाभा. फोममध्ये बोटांची जागा अशी कोरायची की चार बोटं वरच्या जबड्यात आणि अंगठा खालच्या.

पायरी पेणच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे आतून बुजवली. वाकवून, दिव्यासमोर धरून पाहिलं, बाहेरून काही कळत नाही. दातांच्या पाटीची युक्ती तर अफाट आहे, ताई. आता ओठ ओढले तरी दात जागचे हलत नाहीत.

दोरीबहाद्दर

बाहुल्या चालवणारा म्हणून माझं मत. तुमचा जाडीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्यात भर.

आतून अस्तर द्या. उघड्या लॅटेक्समध्ये हाताला घाम येतो, कातडी हाताला चिकटते आणि तुम्ही बोट हलवलं की बाहुलीचा गालही ओढला जातो. बायकांच्या नायलॉन स्टॉकिंगचा तुकडा मानेच्या आत सैल बसवा, फक्त खालच्या काठाला आणि जबड्याशी चिकटवा. हात स्टॉकिंगमध्ये फिरतो, कातडी आपली शांत राहते.

दुसरं, नजर. डोळे नसलेल्या बाहुलीची नजर डोक्याच्या कलण्यातून कळते. ते पिल्लू वर येतं, थांबतं, एका बाजूला वळतं, परत थांबतं, मग तोंड उघडतं. थांबणं सर्वांत महत्त्वाचं. नवीन माणूस सतत हात हलवत राहतो आणि बाहुली थरथरते. एका वेळी एकच हालचाल: वळताना तोंड बंद, तोंड उघडताना मान स्थिर. आणि तोंड उघडताना खालचा जबडा अंगठ्यानं खाली न्यायचा, चार बोटांनी वरचं डोकं मागे फेकायचं नाही. रामदास पाध्ये यांनी 'झपाटलेला'मधला (१९९३) तात्या विंचू चालवला, तो पुन्हा बघा. तो बाहुला नुसता मान फिरवून कोणाकडे तरी बघतो तेव्हा जास्त भीती वाटते.

सराव आरशासमोर नको, आरशात डावं-उजवं उलटतं. मोबाइल समोर ठेवून रेकॉर्ड करा. आणि सरावाला टेबलाखालीच बसा. उभ्यानं हात वर करून केलेला सराव खाली बसल्यावर कामाला येत नाही, कोपराचा कोनच बदलतो.

सदाशिव_रात्री

@दोडामार्गचा_चीक, मनापासून आभार. दुकानदाराला फोन केला, कच्चंच होतं. आता प्रीव्हल्कनाइज्ड मागवलं आहे.

रंगाचं कोणी सांगितलंच नाही की! मलाही हवं आहे.

पेणचा_पाहुणा

मूर्तीचे रंग इथे चालत नाहीत, ते कडक बसतात आणि वाकल्यावर तडकतात. रंगात रबरच हवं.

जर्सीतला_जोशी

बरोबर. साधा अ‍ॅक्रिलिक नुसता लावला तर तोच प्रकार. मुखवटेवाल्यांची जुनी पद्धत म्हणजे रबर सिमेंटमध्ये (रबराच्या चिकट द्रावणात) ऑइल कलर मिसळून नॅफ्थानं, म्हणजे पेट्रोलसारख्या द्रवानं, पातळ करणं. उत्तम चिकटतो, पण वाफा झटकन पेट घेतात. उघड्यावर, आगीपासून लांब, तेही सवय असेल तरच. घरात लॅटेक्समध्येच रंग मिसळणं सुरक्षित.

चिखलमाती

मी लॅटेक्सचाच मार्ग घेतला. हार्डवेअरच्या दुकानात भिंतीच्या रंगात घालायचे स्टेनर मिळतात, पाण्यात मिसळणारे. थोडं लॅटेक्स, थोडं पाणी, दोन-चार थेंब स्टेनर. एक गोष्ट ध्यानात ठेवा: ओलं लॅटेक्स पांढरं असतं आणि सुकल्यावर पिवळट पारदर्शक होतं. त्यामुळे वाटीत दिसतो त्यापेक्षा रंग बराच गडद सुकतो. आधी फाटक्या तुकड्यावर लावून, सुकवून बघा.

मूळ पिल्लाचा रंग फिका, मांसल, पिवळसर आहे. तो एका थरात येत नाही. आधी सगळीकडे हाडासारखा पिवळट, मग वळ्यांच्या खोबणीत पातळ तपकिरी-लाल ओतून वरचा लगेच स्पंजनं टिपून घेतला, म्हणजे तो खोलातच राहतो. डोक्यावर शिरांसाठी अगदी पातळ जांभळट, स्पंजच्या टोकानं ठिपके ठिपके. प्रत्येक थरानंतर शंखजिरं, आणि पुढच्या थराआधी ते ओल्या फडक्यानं पुसून टाकायचं, नाहीतर पुढचा थर धरत नाही.

मान वाकवून, पिळून पाहिली. रंग कुठेही सुटला नाही, कारण तो कातडीचाच भाग झाला आहे.

दाढदुखी_डॉक्टर

सुंदर! रक्ताचं काय करणार? आणि तो ओला चकचकीतपणा? व्हॅसलीन लावू नका एवढंच सांगते, आमच्याकडेही रबरी मोज्यांवर व्हॅसलीन लावायची मनाई असते. तेलानं रबर फुगतं आणि कमकुवत होतं.

चिखलमाती

तेल, तूप, व्हॅसलीन काहीच नाही. रक्तासाठी केकच्या सामानाच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज, खाण्याचा लाल रंग आणि किंचित कोको. कोकोशिवाय ते सरबतासारखं लाल दिसतं. चकाकीला पाण्यातलं जेल. 'एलियन'च्या मोठ्या प्राण्याच्या तोंडाची लाळही के-वाय जेलीच होती, म्हणजे पाण्यातलीच. काम झालं की कोमट पाण्यानं धुवायचं आणि आतून-बाहेरून सुकवायचं.

अस्तर बसवलं आहे. आता टेबलाखाली बसून रोज सराव चालू आहे, दोरीबहाद्दरांनी सांगितल्याप्रमाणे आधी फक्त थांबायचा.

सदाशिव_रात्री

शेवटचा प्रश्न. एवढं करून ती टिकते किती? सिनेमातल्या जुन्या बाहुल्या भुगा झाल्याचे फोटो पाहिले आहेत.

दोडामार्गचा_चीक

रबराचे वैरी म्हणजे ऊन, ओझोन, तेल आणि तांबं. खिडकीत किंवा ट्यूबलाइटच्या उजेडात मांडून ठेवली तर लवकर कडक होऊन चिरते. अंधाऱ्या कपाटात, शंखजिरं लावून ठेवा. आत कागदाचे बोळे असे भरा की मान दुमडून राहणार नाही, कारण दुमडीवर ताण असतो आणि ओझोन तिथूनच चीर पाडतो. कागद छापील नको, शाईचा डाग उतरतो. लोखंडी हूकवर टांगू नका. तरी रबर ते रबर, कधीतरी जाणारच. म्हणून साचा जपा. साचा कोरडा, दोन्ही भाग एकत्र बांधून ठेवला तर पुढची कातडी केव्हाही काढता येईल.

पेणचा_पाहुणा

आणि साच्याच्या दोन्ही भागांवर बाहेरून खूण करून ठेवा, कुठली कड कुठे बसते ती. आमच्या कारखान्यात वर्षानुवर्षांचे साचे पडलेले असतात, खूण नसली की जोडी लावता लावता दिवस जातो.